झड, पत्रा आणि वरची नऊ इंच भिंत

कोकणातल्या घराची पश्चिमेची भिंत ओळखायला होकायंत्र लागत नाही. जिथे शेवाळ चढलेय, गिलावा फुगलाय आणि आत कपाटामागे बुरशी धरलीय, ती भिंत. पूर्वी मृगाच्या आधी तिथे माडाचे झाप बांधत, मग ताडपत्री आली. आता बरेच जण चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, भिंतीवर कायमचे रंगीत पत्रे बसवून घेतात. फॅब्रिकेटर मापे घेऊन गेला की घरातून पहिला प्रश्न येतो, "पत्रा काय भावाने?" माझ्या मते हा शेवटी विचारायचा प्रश्न आहे.

आधी पाऊस पाहू. दोन मिलिमीटरचा थेंब सेकंदाला साधारण साडेसहा मीटर वेगाने खाली येतो, म्हणजे ताशी तेवीस किलोमीटर. वाराही तेवढाच असला तर थेंब ४५ अंशांत तिरका येतो, आणि दोन फूट पुढे आलेले छप्पर भिंतीचा वरचा दोन फूट भाग कोरडा ठेवते. वारा ताशी ६० किलोमीटर झाला की तोच थेंब एक फूट खाली येईपर्यंत अडीच फूट आडवा जातो. मग त्याच छपराखाली कोरडी राहते ती वरची जेमतेम नऊ इंच भिंत. बाकी सगळी झडीच्या तोंडी. चिरा सच्छिद्र असल्याने पाणी पीतच राहतो आणि ओल आत उतरते.

म्हणून पत्रा. पण पत्रा लावला की भिंतीचे दुखणे वाऱ्याच्या हाती जाते.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. आयएस ८७५ या भारतीय मानकातले सूत्र सोपे आहे: सेकंदाला मीटरमधल्या वेगाचा वर्ग करायचा आणि ०.६ ने गुणायचे, उत्तर न्यूटन प्रति चौरस मीटर. 'निसर्ग' वादळ ३ जून २०२० ला श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात किनाऱ्यावर आले, तेव्हा वारे ताशी १०० ते ११० किलोमीटरचे होते. ११० धरले तर चौरस मीटरला सुमारे ५६० न्यूटन, म्हणजे ५७ किलो भार होतो. आता दहा फूट लांब, साडेतीन फूट रुंद पत्रा घ्या. अर्ध्या मिलिमीटरचा असेल तर त्याचे वजन १३-१४ किलो, आणि वाऱ्याची ओढ १८५ किलोच्या घरात. म्हणजे सिमेंटची जवळजवळ चार पोती, तीही पत्रा बाहेर खेचणारी. कारण वारा समोरच्या भिंतीला ढकलतो, पण बाजूच्या भिंतींना आणि छपराला तो ओढतो. "जाड पत्रा घ्या, उडणार नाही" हा सल्ला इथे फारसा कामाचा नाही. जाडी थोडी वाढली तरी चार पोत्यांपुढे दोन-तीन किलोंची मिजास ती किती!

पत्रा धरून ठेवतात ते स्क्रू. त्या पत्र्याला दहा स्क्रू असतील तर प्रत्येकावर साडेअठरा किलो, वीस असतील तर सव्वानऊ. ही सरासरी झाली. घराच्या कोपऱ्यांना आणि कडांना ओढ मधल्या भागापेक्षा बरीच जास्त असते, म्हणून तिथे स्क्रू दाट हवेत. वादळानंतरचे घर पाहिलेत तर मधले पत्रे जाग्यावर आणि कोपऱ्यातले गायब, असे दृश्य हमखास दिसते. एक कडा उचलली की वारा आत शिरतो आणि पुढचे काम त्याला सोपे जाते.

त्यातही स्क्रू उपटला जाण्यापेक्षा एक लबाड प्रकार आहे. १९७४ च्या नाताळात ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहरावर 'ट्रेसी' वादळ आले आणि बहुतेक घरे मोडली. तपासात दिसले की छपराचे पत्रे तासन्‌तास फडफडले, स्क्रूभोवतीचा पत्रा पुन्हा पुन्हा वाकून त्याला भेगा पडल्या आणि शेवटी पत्रा स्क्रूच्या डोक्यावरून निसटला. स्क्रू मात्र जागच्या जागी! तार मागे-पुढे वाकवून तोडतो ना, तसेच. त्यानंतर तिथे पत्र्यांची चाचणी हजारो हिसके देऊन करू लागले. आपल्या कामात याचा अर्थ एवढाच की पत्र्यामागचे आडवे पाइप जवळजवळ घ्यावेत आणि स्क्रूला रबरी वॉशरसकट रुंद डोके असावे. फडफड थांबली की भेग थांबते.

कोणत्या भिंतीवर खर्च करायचा? मोसमी झडीसाठी पश्चिम आणि नैऋत्य पुरेशी; पैसे कमी असतील तर पूर्वेला नुसता रंग चालतो. वादळ मात्र हे मानत नाही. आपल्याकडे चक्रीवादळाचा वारा घड्याळाच्या उलट फिरतो. वादळ नैऋत्येकडून थेट घरावर येत असेल, तर पहिला मारा आग्नेयेकडून बसतो आणि केंद्र सरकले की वायव्येकडून. तेव्हा पत्रे एकाच बाजूला लावा, पण छपराची वळचण आणि कोने चारी बाजूंनी आवळून घ्या.

अंदाजपत्रक मागताना एकरकमी आकडा घेऊ नका. पत्रे, पाइप, स्क्रू, कोपऱ्याच्या आणि खिडकीभोवतीच्या पट्ट्या, मजुरी, परांची, असे वेगळे लिहून मागा. काटकसर कुठे होतेय ते लगेच दिसते, आणि ती बहुधा स्क्रू आणि पट्ट्यांतच असते. १०७० मिलिमीटर रुंद पत्रा जोड सोडून भिंत झाकतो ती १००० मिलिमीटरच. खिडकीचे क्षेत्र वजा करायचा मोह टाळा, कापलेला तुकडा क्वचितच दुसरीकडे बसतो. पत्रा आणि भिंत यांच्यात इंचभर मोकळी हवा हवी आणि खालचा तळ जाळी लावून उघडा हवा. आत गेलेले पाणी तिथून उतरते आणि चिरा सुकतो. सगळीकडून सिलिकॉन भरून हवाबंद केलेली भिंत मला तरी घाबरवते. काम दिवाळीनंतर काढावे. 'निसर्ग'नंतर पत्रे आणि सुतार दोन्ही मिळेनासे झाले होते, आणि वर टाळेबंदी.

गॅल्व्हल्यूम म्हणजे गंज रोखणारा थर दिलेला पोलादी पत्रा. त्या थरात ५५ टक्के ॲल्युमिनियम, बाकी बहुतांश जस्त असते. खाऱ्या वाऱ्यात हा थर टिकतो, पण ओला सिमेंट त्याला चालत नाही, म्हणून गिलाव्याचे काम आधी उरकून घ्यावे. ग्राइंडरने कापले तर उडालेला तापलेला लोखंडी चुरा पत्र्यावर चिकटून गंजतो. आणि ती वरची नऊ इंच आठवतात? पाऊस तिला धूत नाही, त्यामुळे समुद्राचे मीठ नेमके तिथेच साचते आणि पत्रा आधी तिथेच खराब होतो. दर उन्हाळ्यात एकदा नळाला रबरी नळी लावून तेवढी पट्टी गोड्या पाण्याने धुवावी.

त्याच रंगाचे दोन पत्रे जादा घेऊन ठेवा. एकावर एक आडवे मात्र नकोत. मधे पाणी अडकले की पांढरा गंज येतो. पडवीत उभे, मधे काठी घालून.