चुंबकाला चिकटला म्हणून स्क्रू खोटा ठरत नाही

‘चुंबक चिकटला तर स्टेनलेस स्टील बनावट’ हा सल्ला वर्षानुवर्षे फिरतोय. पुण्याच्या बोहरी आळीत, म्हणजे हार्डवेअरच्या बाजारात, स्क्रू घेताना खिशातून चुंबक काढणारे दिसतात, आणि तपासून घेण्याची सवय चांगलीच आहे. फक्त कसोटी अपुरी आहे.

304 ग्रेडचं स्टेनलेस एरवी चुंबकाला जवळपास दाद देत नाही. पण स्क्रूचं डोकं आणि आटे थंड अवस्थेतच दाबून घडवतात. त्या दाबाने आतली रचना थोडी बदलते आणि हलकी ओढ जाणवते. 410 ग्रेड तर मुळातच चुंबकीय, तरीही स्टेनलेसच. उलट पितळेला चुंबक अजिबात चिकटत नाही, म्हणून काही ते स्टेनलेस ठरत नाही!

खात्री करायची तर एक जादा स्क्रू घ्या. पॉलिश पेपरने डोकं घासा, म्हणजे वरचा मुलामा निघेल. मग मिठाच्या पाण्यात भिजवलेला कापूस गुंडाळून दोन दिवस ठेवा. लाल गंज भराभर चढला, तर आत बहुधा साधं पोलाद.

अर्थात, कोरड्या बेडरूममधल्या पार्टिकल बोर्डच्या (लाकडाचा चुरा दाबून केलेल्या फळीच्या) कपाटाला झिंकचा मुलामा असलेले स्क्रू पुरतात. तिथे गंजापेक्षा पकड आधी सुटते, म्हणून रुंद आट्यांचे चिपबोर्ड स्क्रू मागा. स्टेनलेसचा जादा खर्च बाथरूम आणि सिंकखालच्या कपाटासाठी ठेवा.