ब्रिंग अबाउट आणि ब्रिंग ऑन: मधलं बरोबरचं चिन्ह पुसून टाका

स्पर्धा परीक्षांच्या नोट्समध्ये एक ओळ जशीच्या तशी उतरवली जाते: ब्रिंग अबाउट बरोबर कॉज, बरोबर लीड टू, बरोबर ब्रिंग ऑन. नागपुरात इंग्रजी शिकवताना मला सगळ्यात जास्त राग येतो तो या ओळीचा. ती पाठ करणारी मुलं मेहनती असतात आणि तरीही 'द हीट ब्रॉट अबाउट हिज हेडेक' असं लिहून येतात. व्याकरणात हे वाक्य कुठेच अडत नाही, म्हणून कुणी त्यावर लाल रेघही ओढत नाही. पण इंग्रजी कानाला ते 'उन्हाने त्याची डोकेदुखी घडवून आणली' इतकं विचित्र लागतं.

ब्रिंग अबाउट तुम्हाला येतंच. घडवून आणणे. बदल, सुधारणा, समेट, क्रांती, अंत, अधःपतन हे त्याचं नेहमीचं गोत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर झालेल्या धम्मदीक्षेने लाखो लोकांच्या आयुष्यात जो बदल घडवला, त्याला 'ब्रॉट अबाउट अ प्रोफाउंड चेंज' हेच शब्द शोभतात. सर्वनाम आलं तर ते मध्ये बसतं, 'ब्रिंग इट अबाउट'. लांब नाम असेल तर शेवटी जातं. भूतकाळ दोन्हींचा 'ब्रॉट'. यात कुणी चुकत नाही.

गोंधळ होतो तो ब्रिंग ऑनपाशी. आणि तो सोडवायला जो नियम शिकवला जातो, तो गोंधळापेक्षा वाईट आहे. नियम असा: चांगलं घडलं तर अबाउट, वाईट घडलं तर ऑन. हा नियम विसरा. तिसरे रघूजी भोसले १८५३च्या डिसेंबरात वारसाशिवाय वारले आणि १८५४ मध्ये गव्हर्नर जनरल डलहौसीने 'वारस नाही तर राज्य खालसा' या धोरणाखाली नागपूरचं राज्य खालसा केलं. नागपूरकरांसाठी यात चांगलं काय होतं? तरीही इंग्रजीत त्या धोरणाने भोसल्यांच्या सत्तेचा अंत 'ब्रॉट अबाउट' केला असंच म्हणतात. उलट बाजूने बघा. काटोल-नरखेडकडचा संत्रा बागायतदार आंबिया बहारासाठी हिवाळ्यात झाडाचं पाणी तोडतो, ताण देतो, आणि मग ओलीत सुरू केलं की झाड फुलतं. त्याच्यासाठी ती वर्षाच्या कमाईची सुरुवात असते. आणि इंग्रजीत तिथे 'वॉटर स्ट्रेस ब्रिंग्ज ऑन फ्लावरिंग' हेच सहज येतं. ब्रिंग ऑन बहुतेक वेळा त्रासदायक गोष्टींसोबत दिसतं हे खरं आहे, पण तिथे ऑन येण्याचं कारण ते नाही.

मग कारण काय? ब्रिंग ऑनच्या पुढे येणारी गोष्ट आपली आपणच सुरू होणारी असते. शरीरात किंवा निसर्गात तिची तयारी आधीच असते, तिला फक्त निमित्त लागतं. धुळीने दम्याचा झटका येतो, पण धूळ झटका तयार करत नाही. दमा आधीपासून छातीत असतो. ऑन या शब्दात 'सुरू झालं' हा अर्थ आहे, दिवा ऑन होतो तसाच. ब्रिंग अबाउटच्या पुढची गोष्ट मात्र आधी कुठे दबा धरून बसलेली नसते. कुणाच्या तरी प्रयत्नाने, धोरणाने किंवा घटनांच्या साखळीने ती आकाराला येते आणि त्यानंतर परिस्थिती वेगळी होते.

हे ओळखायला मराठी आपल्याला मदत करते आणि ही मदत कुणी घेत नाही याचं मला वाईट वाटतं. ताप येतो. चक्कर येते. झटका येतो. कळा येतात. बहार येतो. ज्या गोष्टी मराठीत 'येतात', त्यांच्यासाठी ब्रिंग ऑन. बदल होतो, तह होतो, सत्तांतर होतं, समेट होतो, अंत होतो. ज्या गोष्टी मराठीत 'होतात' किंवा 'घडतात', त्यांच्यासाठी ब्रिंग अबाउट. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या वर गेला, भरदुपारी नागपूरच्या बर्डीवर, बाजारात फिरून कुणाला ऊन लागलं आणि चक्कर आली, तर लिहा 'द हीट ब्रॉट ऑन अ डिझी स्पेल'. प्रसूतीच्या कळा आणायला औषध देतात ते 'टू ब्रिंग ऑन लेबर'. डॉक्टरांच्या लेखनात कर्मणी रूप सतत दिसतं: 'ॲन अटॅक ब्रॉट ऑन बाय डस्ट'. तिथे अबाउट घालून बघा, वाक्य लगेच सरकारी अहवालासारखं होतं.

दोन सावधगिऱ्या. आपल्याकडे हिंदीच्या शेजारामुळे 'समाजात बदल आला' असं सर्रास बोलतात. या कसोटीसाठी ते वाक्य आधी 'बदल झाला' असं करून घ्या. दुसरी, ही कसोटी फक्त या दोघांमध्ये निवड करायची असेल तेव्हाची आहे. पूरही येतो, पण त्याला साधं कॉजच बरं.

डोकेदुखी मात्र कसोटीला थोडी चकवते, कारण आपण 'डोकं उठलं' म्हणतो, 'आलं' म्हणत नाही. पण उठणं हेही आपणहून सुरू होणंच आहे, म्हणून तिथेही ऑन.

संकट, युद्ध, मंदी यांच्यासोबत दोन्ही चालतात आणि तिथे अर्थ बदलतो. 'ब्रॉट ऑन अ क्रायसिस' म्हटलं की ढग आधीच भरून आले होते, या घटनेने ते फुटले. 'ब्रॉट अबाउट अ क्रायसिस' म्हटलं की या घटनेनेच टप्प्याटप्प्याने संकट उभं केलं. काय म्हणायचंय ते आधी ठरवा, मग शब्द घ्या.

आणि एक जागा अशी, जिथे पर्यायच नाही. 'यू ब्रॉट धिस ऑन युवरसेल्फ'. आपल्याकडे याला नेमका शब्द आहे: ओढवून घेणे. हातांनी संकट ओढवून घेतलं, आजार ओढवून घेतला. इथे 'ब्रॉट अबाउट युवरसेल्फ' लिहिणं सरळ चूक आहे आणि तरी ते दरवर्षी वह्यांमध्ये सापडतं.

'अ बिग चेंज ब्रॉट अबाउट इन द सोसायटी' हीदेखील चूकच. बदलाने काय घडवून आणलं? बदल घडून आला, म्हणजे 'अ बिग चेंज केम अबाउट'. घडून येणे आणि घडवून आणणे यांत आपण मराठीत कधी गफलत करत नाही, मग इंग्रजीतही करायचं कारण नाही.

उरलेले समानार्थी शब्द पटकन सांगते. लीड टू आणि रिझल्ट इन परिणामाकडे बोट दाखवतात, कर्त्याच्या हेतूबद्दल काही बोलत नाहीत. गिव्ह राइज टू शंका, अफवा, वाद यांच्यासाठी छान. कॉज सगळीकडे चालतं असं वाटतं, पण त्याची संगत बहुतेक वाईटाशी असते. भाषाभ्यासक मायकेल स्टब्ज यांनी १९९५ मध्ये मजकुराच्या मोठ्या संग्रहावरून हे दाखवलं: नुकसान, मृत्यू, आजार, अडचण यांच्या आसपासच ते जास्त सापडतं. म्हणून 'स्मोकिंग कॉजेस कॅन्सर' अगदी बरोबर, तिथे ब्रिंग अबाउटची गरज नाही. पण सुधारणेला 'कॉज ॲन इम्प्रूव्हमेंट' म्हणू नका, 'ब्रिंग अबाउट' म्हणा.

ब्रिंग अबाउटचा खरा सख्खा भाऊ आहे इफेक्ट, क्रियापद म्हणून, ई या अक्षराने सुरू होणारा. 'टू इफेक्ट अ चेंज' म्हणजे बदल घडवणे. ए ने सुरू होणारा अफेक्ट म्हणजे परिणाम करणे. 'टू अफेक्ट अ चेंज' असं बदल घडवण्याच्या अर्थाने लिहिलेलं मला अर्जांत, निबंधांत, भाषणांच्या मसुद्यांत वारंवार दिसतं, आणि दर वेळी ते एक अक्षर खोडून मी तिथे ई लिहिते.