जे जाळे आरोपी, तेच साक्षीदार

गोव्याच्या समुद्रातल्या माशांवर काम करणारा संशोधक सहसा स्वतःचे जाळे टाकत नाही. मालीम, वास्को, कुटबण अशा धक्क्यांवर लागणाऱ्या ट्रॉलरांकडून (तळावरून जाळे ओढणाऱ्या यांत्रिक बोटींकडून) तो नमुने घेतो, नाहीतर त्यांच्याबरोबरच दर्यात जातो. संशोधन जहाज चालवायला पैसा लागतो आणि ट्रॉलर काय, मोसमात रोजच निघतात. त्यामुळे ज्या जाळ्याने समुद्राचा तळ खरवडला गेला, त्याच्या परिणामाचे मापही त्याच जाळ्यातून घ्यावे लागते. हा पेच साठेक वर्षांत घडत गेला आहे.

१९६१ पूर्वी गोव्याची मासेमारी म्हणजे मुख्यतः रापण, नदीतली लहान जाळी आणि खाजनातल्या (खाऱ्या पाण्याकाठच्या बांधाच्या शेतातल्या) मानशीवरची, म्हणजे पाण्याच्या दारावरची, पकड. रापणीत होडी जाळे घेऊन अर्धवर्तुळ मारते आणि दोन्ही टोके किनाऱ्यावरची माणसे ओढतात. मिळकतीचे वाटे ठरलेले असतात. ही पकड प्रामुख्याने तारले (सार्डिन) आणि बांगड्यांची, म्हणजे पाण्याच्या वरच्या थरात थव्याने फिरणाऱ्या माशांची. तळाशी राहणारे लेपो (चपटे मासे), मोरी (लहान शार्क), सुंगटे (कोळंबी) यांचे जग रापणीच्या पलीकडे, खोल पाण्यात बऱ्याच अंशी हात न लागता राहिले.

मुक्तीनंतर चित्र पालटले. सुंगटांना परदेशात भाव होता, सरकारी प्रोत्साहन होते, आणि १९६० च्या दशकात तळ ओढणारे ट्रॉलर आले. पुढच्या दशकात पर्ससीन (थव्याला घेरून खालून आवळायचे मोठे जाळे) हीही आली आणि तिने थेट रापणकारांच्या बांगड्यावर हात घातला. ट्रॉलरच्या जाळ्याचे तोंड दोन जड फळ्यांनी उघडे राहते, खालची दोरी तळाला घासत जाते आणि शेवटच्या पिशवीची आस (जाळ्याची भोके) इतकी बारीक असते की सुंगटांबरोबर जे येईल ते सगळे आत. या यंत्राने गोव्याचा उथळ तळ पहिल्यांदा ढवळला, त्या वेळी तिथे कोणत्या जाती किती प्रमाणात होत्या याचे नीट मोजमाप जवळपास नाहीच. सगळ्या पुढच्या संशोधनातली ही मोठी उणीव आहे, असे मला वाटते.

संस्था नव्हती असेही नाही. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम संपल्यावर १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली आणि दोनापावलला तिचे मुख्यालय आले. पहिले संचालक एन. के. पणिक्कर हे स्वतः मत्स्यशास्त्रातले. तरी संस्थेचे काम पाणी, प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव), गाळ आणि समुद्रतळ असे पसरलेले होते. धक्क्यावर उतरलेल्या मासळीचा हिशेब ठेवणे हे १९४७ पासून चालत आलेल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे काम. एका दफ्तरात समुद्र, दुसऱ्यात टोपलीतली मासळी. या दोन दफ्तरांचा संबंध जोडायला बराच काळ गेला.

मधल्या काळात रस्त्यावरचा प्रश्न विज्ञानाची वाट बघत बसला नाही. १९७० च्या दशकात रापणकारांचे आंदोलन पेटले. माथानी साल्ढाणा हे त्याचे ओळखले जाणारे नेते. त्यातूनच देशभरातल्या पारंपरिक मच्छीमारांची संघटना उभी राहण्याला बळ मिळाले. १९८० साली गोवा, दमण आणि दीवचा सागरी मासेमारी नियमन कायदा आला आणि किनाऱ्यालगतचा ५ किलोमीटरचा पट्टा यांत्रिक बोटींना बंद झाला. ही रेघ मुख्यतः तंटा मिटवण्यासाठी ओढलेली होती. मासे कुठे अंडी घालतात, पिल्ले किती खोलीवर वाढतात, हा हिशेब मागाहून आला. रेघ पाळली जाते का, हा तर वेगळाच विषय. कोणत्याही रापणकाराला विचारा, तो संध्याकाळपर्यंत बोलेल.

आधीचे माप हाताशी असले की काय साधते, याचे उदाहरण मात्र गोव्यातच आहे, आणि ते समुद्रातले नसून नद्यांतले आहे. दोनापावलच्या संस्थेतले ए. एच. परुळेकर आणि त्यांचे सहकारी १९७० च्या सुरुवातीपासून मांडवी-जुवारीच्या गाळातले जीव मोजत होते. शिंपले, कृमी, बारीक कवचधारी: ज्यांना बाजारात कोणी विचारत नाही असेही सगळे. दहा वर्षांनी त्यांनी त्याच पाण्यात पुन्हा मोजणी केली. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाने दाखवले की खाणींच्या मातीने तळ झाकला गेला होता, पाण्यातला प्राणवायू घटला होता आणि तिसऱ्यांसारख्या शिंपल्यांचे उत्पादन ७० टक्क्यांहून अधिक खाली आले होते. लोक हे बोलत होतेच. पण १९७२-७३ चे आकडे होते म्हणून १९८२-८३ च्या आकड्यांना वजन आले. किनाऱ्याबाहेरच्या तळमाशांसाठी अशी जोडी कोणाकडेच नव्हती.

तिथले काम उशिरा आणि ट्रॉलरच्या आधारानेच वाढले. झेड. ए. अन्सारी, परुळेकर आणि इतरांनी १९९५ साली गोव्याच्या किनाऱ्यालगतच्या तळमाशांचा समुदाय ऋतूंप्रमाणे कसा बदलतो ते मांडले. पुढे गोवा विद्यापीठात सी. यू. रिवणकर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी जाळ्यातल्या मासळीचा विकला न जाणारा भाग उपसला: बारीक मासे, खेकडे, शंख. ट्रॉलरमध्ये चुकून सापडणाऱ्या समुद्री सापांवरचा त्यांचा निबंध २००९ चा. धक्क्यावर ज्याला कोणी मोजत नाही ते मोजणे, हेच मला या कामातले सगळ्यात मोलाचे वाटते, कारण शासकीय आकड्यांत साप येत नाही आणि हातभर लांबीची मोरीची पिल्लेही बहुतेक वेळा एकाच ढिगात जातात.

हा ढीग पूर्वी पाण्यात परत टाकला जाई, कारण बर्फाला आणि जागेला तो परवडत नसे. आता कोंबड्यांच्या खाद्यासाठी आणि फिशमीलसाठी (माशांच्या भुकटीसाठी) त्याला गिऱ्हाईक आहे. त्याचा परिणाम काय होतो, हे संशोधक आरॉन लोबो आणि सहकाऱ्यांनी २०१० साली कोरोमंडल किनाऱ्यावरच्या सुंगटांच्या ट्रॉलिंगवरून दाखवले. सुंगटे कमी झाली की धंदा तोट्यात जाऊन थांबायला हवा, पण बारीक मासळीच्या पैशावर डिझेलचा खर्च निघतो आणि जाळे ओढतच राहते. तो अभ्यास पूर्व किनाऱ्याचा असला तरी आपल्या धक्क्यावर उभे राहून वाचावा असा आहे.

सगळे खापर जाळ्यावर फोडायला जावे, तर समुद्र वेगळीच साक्ष देतो. कांदोळीसमोर सुमारे २५-३० मीटर खोलीच्या पाण्यात दोनापावलचे शास्त्रज्ञ १९९७ पासून नियमित नमुने घेतात. पावसाळ्यात खोलातले थंड, प्राणवायू कमी असलेले पाणी किनाऱ्याच्या तळावर चढते, वर पावसाच्या गोड्या पाण्याचा हलका थर बसतो आणि खालच्या पाण्यात वरून हवा मिसळत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात तळाचा प्राणवायू जवळपास संपतो. २००० साली एस. डब्ल्यू. ए. नक्वी यांच्या गटाने हा प्रकार तीव्र होत असल्याचे मांडले तेव्हा जगभर त्याची दखल घेतली गेली. अशा पाण्यातून तळमासे निघून जातात. म्हणजे मोसमाच्या सुरुवातीला जाळे रिकामे आले, तर मासे संपले की फक्त सरकले, हे एका ओढीवरून कळत नाही. तारल्यांचे तर काही बोलायलाच नको. त्यांच्या येण्याजाण्याने विसाव्या शतकाच्या आरंभी जेम्स हॉर्नेल या मत्स्यतज्ज्ञालाही मलबारात कोड्यात टाकले होते.

आणि नमुन्यांत दरवर्षी एक भोक पडतेच. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. बंदीचे कारण योग्य आहे, या दिवसांत बऱ्याच जाती वितात. पण ट्रॉलर धक्क्याला बांधलेले म्हणजे त्यांच्यावर विसंबणारा संशोधकही धक्क्यावरच. तळावर कमी प्राणवायूचे पाणी चढू लागते तेही याच महिन्यांत. त्या वेळी पिल्ले कुठे जातात, याचे उत्तर १ ऑगस्टनंतरच्या पहिल्या ओढींवरून मागे जाऊन ताडावे लागते.