६४ डॉलर ते ७ कोटी : बक्षिसाचे पैसे येतात कुठून?

१९४०च्या दशकात अमेरिकेत रेडिओवर ‘टेक इट ऑर लीव्ह इट’ नावाचा प्रश्नांचा खेळ लागायचा. पहिल्या उत्तराला १ डॉलर, मग दरवेळी दुप्पट, सातव्याला ६४. तिथे खेळ संपायचा. ७ जून १९५५ रोजी सीबीएस या वाहिनीने हाच खेळ टीव्हीवर आणला तेव्हा ६४ पुढे तीन शून्यं लागली होती.

बक्षिसं वाटणारे असे कार्यक्रम म्हणजे लॉटरी नव्हे, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली दिला आणि कायद्याची आडकाठी दूर झाली. पैसे मोजले रेव्लॉन या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीने. कार्यक्रम एवढा गाजला की त्यात जाहिरात होणारी लिपस्टिक दुकानांत मिळेनाशी झाली. पण पैसे जाहिरातदाराचे म्हटल्यावर लोकांना आवडणारा स्पर्धक टिकायला हवा, हा दबाव आलाच. एनबीसी वाहिनीच्या ‘ट्वेंटी-वन’ या अशाच खेळात चार्ल्स व्हॅन डोरेन या प्राध्यापकाने १,२९,००० डॉलर जिंकले. उत्तरं आपल्याला आधीच दिली जात होती, ही कबुली त्याने २ नोव्हेंबर १९५९ रोजी अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे दिली. पुढच्याच वर्षी अशी लबाडी गुन्हा ठरली, आणि मोठ्या रकमांची हौस बराच काळ थंडावली.

ती परतली ४ सप्टेंबर १९९८ला ब्रिटनमध्ये. ‘हू वॉन्ट्स टू बी अ मिलियनेअर?’ने थेट दहा लाख पौंड लावले. एवढी रक्कम परवडली, कारण भाग घ्यायला जादा दराचा फोन करावा लागायचा. हे मला या सगळ्या इतिहासातलं खरं वळण वाटतं. जिंकणाऱ्याच्या बक्षिसात, नंबर न लागलेल्या लाखो लोकांच्या फोनचे पैसे होते.

आपल्याकडे सिद्धार्थ बसूंचं ‘क्विझ टाइम’ १९८५ साली दूरदर्शनवर आलं. त्यात कॉलेजांचे संघ असायचे, ओढ मानाची होती, पैशाची नव्हे. त्याच बसूंच्या हातून ३ जुलै २०००ला स्टार प्लसवर ‘मिलियनेअर’ची भारतीय आवृत्ती ‘कौन बनेगा करोडपती’ आलं. आधी विचार ‘लखपती’चा होता. तोवर कोटी हा शब्द मध्यमवर्गीय घरात अर्थसंकल्पाच्या बातमीपुरता यायचा. नऊ वाजले की वाड्यात घराघरांतून एकच प्रश्न ऐकू यायचा, आणि आमच्या लँडलाइनचं रीडायलचं बटण त्या पावसाळ्यात दाबून दाबून आत गेलं, ते वर आलंच नाही. ऑक्टोबरमध्ये स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारा मुंबईचा हर्षवर्धन नवाथे पहिला करोडपती झाला, तेव्हा आपल्या गल्लीतलं कोणी जिंकल्यासारखं वाटलं.

त्याच सुमारास झीने १० कोटींचा ‘सवाल दस करोड का’ आणला. दसपट रक्कम, तरी काही महिन्यांत गाशा गुंडाळावा लागला. नुसत्या आकड्याने माणसं बसत नाहीत.

फोनची जागा पुढे एसएमएसने घेतली. २००७ साली ‘करोडपती’मध्येच घरबसल्या प्रेक्षकांसाठी ‘हर सीट हॉट सीट’ ही स्पर्धा होती. एका एसएमएसला २ रुपये ४० पैसे, बक्षीस २ लाख. बक्षीस प्रेक्षकांच्याच एसएमएसमधून दिलं जातं आणि हे त्यांना सांगितलं जात नाही, ही अनुचित व्यापार प्रथा आहे, असं राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली ठरवून १ कोटीचा दंड ठोठावला. पुरेसा पुरावा नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली तो आदेश रद्द केला. प्रश्न मात्र रास्त होता, आणि तो विचारला गेला याचं मोल मोठं आहे.

मधल्या काळात कार्यक्रम सोनीवर गेला. २०११ साली बिहारच्या मोतिहारीचा सुशील कुमार ५ कोटी जिंकला. २०१३ साली आकडा ७ कोटी झाला. अर्थात जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के कर आणि वर अधिभार असतो, त्यामुळे पडद्यावरचा आकडा कुणाच्याही घरी पूर्ण पोहोचत नाही.

तरी मला सगळ्यात जवळचा वाटतो तो २०१९चा भाग. अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे शाळेत मुलांची खिचडी शिजवायच्या, महिना १,५०० रुपयांवर. त्या १ कोटी जिंकल्या. त्यांना हवं काय होतं, तर स्वतःचा मोबाइल. घरात सगळ्यांत मिळून एकच होता.