गेजवर तीन बार, तरी इंजिन उपाशी

इंजिनाला टर्बो (हवा दाबून इंजिनात भरणारा पंखा) बसवला, ट्यूनिंग झालं, आणि आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू असताना) गेजवर इंधनाचा दाब अगदी हवा तेवढा दिसतोय. या आकड्यावर फार विसंबू नये. आयडलिंगला इंजिन पेट्रोल पितं ते किती! बाकीचं सगळं रिटर्न लाइनने टाकीत परत जातं, त्यामुळे थकलेला पंपसुद्धा तिथे छान निभावून नेतो.

इंजेक्टर म्हणजे पेट्रोल उडवणारी तोटी. तिच्या मागे रेलमधला (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीतला) दाब असतो आणि पुढे मॅनिफोल्डमधला (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांतला). पेट्रोल किती उडणार, हे या दोहोंतल्या फरकावर ठरतं. हा फरक कायम राहावा म्हणून इंधनाचा दाब राखणाऱ्या रेग्युलेटरला मॅनिफोल्डची नळी जोडलेली असते. मूळ दाब 3 बार असेल, तर आयडलिंगला मॅनिफोल्डमधल्या ओढीमुळे गेज 2.4च्या आसपास दाखवतो. नळी काढली की 3वर जातो. उलट 1 बार बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) आला की रेलमध्ये 4 बार हवेत. पंचाईत अशी, की दाब वाढला की पंपाचा प्रवाह घटतो, आणि इंजिनाला सर्वांत जास्त पेट्रोल लागतं ते नेमकं तेव्हाच.

समजा, पूर्ण बूस्टला 4ऐवजी 3.4च बार मिळाले. मग फरक उरला 2.4. प्रवाह या फरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे इंधन सुमारे साडेदहा टक्क्यांनी घटलं. हवा-इंधनाचं 11.8चं गुणोत्तर 13.2वर गेलं. बूस्टखाली एवढं लीन (पेट्रोल कमी पडलेलं) मिश्रण म्हणजे नॉकिंगला (मिश्रण आपोआप, धडाक्याने पेटण्याला) आमंत्रण, आणि ते लांबलं तर पिस्टन गेला. म्हणून दाब पाहायचा तो पूर्ण लोडवर, डायनोवर (गाडी जागीच पळवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर), बूस्टच्या आकड्याशी ताडून.

आता क्षमता. टर्बो पेट्रोल इंजिनाला दर अश्वशक्तीमागे तासाला साधारण 270 ग्रॅम पेट्रोल धरतात. 300 अश्वशक्तीला 81 किलो, म्हणजे जवळपास 110 लिटर. वर वीसेक टक्के राखीव हवेतच. पंपाच्या खोक्यावरचे लिटर कोणत्या दाबाला आणि किती व्होल्टला मोजलेत, हे न बघता पंप घेणं म्हणजे जुगार. 85 टक्के इथेनॉल वापरणार असाल, तर गरज आणखी तीसेक टक्क्यांनी वाढते.

प्रत्यक्ष मोजायचं तर इंजिन बंद आणि गार, जागा उघडी, अग्निशामक हाताशी. रेग्युलेटरपुढची रिटर्न नळी मापाच्या डब्यात सोडायची आणि पंप 30 सेकंद चालवायचा. रेग्युलेटरच्या मॅनिफोल्डकडच्या तोंडाला हातपंपाने 1 बार हवा दिली, की बूस्टमधली स्थिती जागच्या जागी तयार होते. डब्यात 1.1 लिटर जमलं, तर तासाला 132 लिटर. रिटर्न लाइन नसलेल्या गाड्यांत ही युक्ती चालत नाही.

आकडा कमी आला, तर लगेच पंपावर खापर फोडू नका. इंजिन बंद असताना बॅटरी बाराच्या आसपास व्होल्ट देते, चालू असताना चौदाच्या जवळ. तेवढ्यानेही प्रवाहात बराच फरक पडतो. पंप चालू ठेवून व्होल्टेज थेट त्याच्या कनेक्टरवर मोजा. बॅटरीपेक्षा तिथे दीड-दोन व्होल्ट कमी भरले, तर माझं मत असं, की आधी जाड वायर, वेगळा रिले आणि स्वच्छ अर्थिंग करून घ्यावं, इंधन फिल्टर बदलावा आणि पुन्हा मोजावं.