"बुढं झालं न बाप्पा, आता असंच रायते"

कुत्रं दहा वर्षांचं झालं, उठताना कण्हतं, टाक्यावर जाऊन जाऊन पाणी पितं. ओसरीवरचा निवाडा ठरलेला: बुढं झालं, आता काय दवाखाना! हा समज आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आलाय, आणि तो चूक आहे. म्हातारपण हा आजार नव्हे. कण्हणं बहुतेक वेळा सांधेदुखीचं असतं, त्यावर औषध मिळतं. पाणी वाढलं तर मूत्रपिंड बिघडलेलं असू शकतं, किंवा मधुमेह. (मे महिन्यात सगळेच जास्त पितात, ते सोडा.)

ब्रिटनमध्ये म्हाताऱ्या कुत्र्यामांजरांची नियमित तपासणी पशुवैद्यकीय परिचारिका करतात: वजन, दात, लघवी, रक्तदाब. निदान आणि औषध मात्र डॉक्टरांकडेच. गावात तशी सोय नाही, पण धान्याचा काटा तर आहे. कुत्र्याला कडेवर घेऊन उभं राहा, मग एकटे. वजाबाकी करून दर महिन्याला कॅलेंडरवर लिहा. आकडा घसरत गेला की तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. गुंता वाढलाच तर नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

घरातली दुखण्याची गोळी मात्र देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजरीचा जीव घेऊ शकते.