गोपनीय आणि खासगी: किल्ली कुणाकडे?

‘एनडीए झालाय, क्लायंटची हरकत नाही, मग डेटा एआयला दिला तर बिघडलं काय?’ पणजीतल्या आमच्या सॉफ्टवेअरच्या ऑफिसात हे वाक्य महिन्यातून एकदा तरी कानावर पडतं. (एनडीए म्हणजे क्लायंटशी केलेला गुप्ततेचा करार.) अर्धा दोष मराठीचा. ‘प्रायव्हसी पॉलिसी’ला ‘गोपनीयता धोरण’ ज्याने म्हटलं, त्याने गोपनीय आणि खासगी असे दोन वेगळे जिन्नस एकाच पोत्यात भरले. मी हट्टाने ‘खासगीपणा’ म्हणतो.

गोपनीयता तुम्हाला पाठ आहे: सोर्स कोड, दरपत्रक, एपीआय की (एका सॉफ्टवेअरने दुसऱ्यात शिरायचा गुप्त परवाना). करारात लिहिलेलं असतं, मोडलं की नोटीस येते. पासवर्ड नि एन्क्रिप्शन ही तिसरीच गोष्ट, सुरक्षा. ती इथे नको.

घोळ होतो तो पुढे. पोदेराचंच, म्हणजे आमच्या गोव्यातल्या पाववाल्याचंच घ्या. पिठाचं प्रमाण हे त्याचं गुपित. उद्या त्यानेच सांगून टाकलं तर विषय मिटला. पण कुठल्या घरचे रोजचे आठ उंडे, म्हणजे पाव, दोनावर आले, हेही त्याला ठाऊक असतं. ते त्याच्या वहीत आहे, पण त्याचं नाही. ते सांगायची मुभा तो कुणाला देऊच शकत नाही. ती त्या घराने द्यायची.

हॉटेलाचंही तेच. परदेशी पाहुणा उतरला की 24 तासांत त्याची माहिती सरकारला कळवणारा फॉर्म भरायचा, म्हणून पासपोर्ट नंबर, जन्मतारीख सगळं सिस्टममध्ये येतं. एका हॉटेलाच्या कामात जन्मतारखा उलटसुलट होत होत्या. आमच्यातल्या एका पोराने पाहुण्यांच्या चाळीसेक ओळी उचलून एआयच्या चौकटीत ओतल्या. मालक फोनवर ‘घाल रे’ म्हणाला होता. उत्तर अर्ध्या मिनिटात आलं: 03/04 मध्ये आधी दिवस की महिना, एवढाच गोंधळ. त्याला एक खोटी तारीख पुरली असती. मालकाचं ‘घाल’ त्याच्या दरपत्रकापुरतं. पाहुण्याने पासपोर्ट सरकारी फॉर्मसाठी दिला होता, आमच्या बगसाठी नव्हे. वर ‘नावं पुसली होती’ म्हणे! पासपोर्ट नंबर ठेवून नाव पुसणं म्हणजे मांजराने डोळे मिटून दूध पिणं.

एसीएम या संगणक व्यावसायिकांच्या संघटनेच्या 2018 च्या आचारसंहितेत यासाठी दोन स्वतंत्र कलमं आहेत: 1.6 खासगीपणा, 1.7 गोपनीयता. 2017 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला, तो माणसाचा. 2023 च्या डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्यातही संमती म्हणजे ज्याची माहिती त्याची, आणि सांगितलेल्या कामापुरती. दंड 250 कोटींपर्यंत जाऊ शकतो; एनडीएतले आकडे त्यापुढे चिल्लर.

हे सगळं ऐकून पोराने विचारलं, ‘पण सर, एनडीए तर मोडला नाही ना?’

नाही मोडला.